खर्जाची थरथर

हौसेला मोल नाही, ही म्हण ज्याने काढली त्याला व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा नाद नसावा. या नादाला मोल असते आणि ते दर महिन्याला वाढत जाते. आधी माणूस म्हणतो, हेडफोनपुरता एक छोटा अँप्लिफायर घरच्या घरी, स्वतःच्या हाताने बांधू. अॅल्युमिनियमची चासी, दोन व्हॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर रेझिस्टन्स-कंडेन्सर. पंधरा दिवसांत काम उरकते. व्हॉल्व्ह नारिंगी उजळतात, गाणे वाजते, घरची मंडळी कौतुकाने आणि थोड्या काळजीने पाहून जातात. सोळाव्या दिवसापासून खरा खर्च सुरू होतो. आवाज आणखी चांगला कसा होईल? कोणी म्हणतो, जुने परदेशी व्हॉल्व्ह घाला. कोणी म्हणतो, कंडेन्सर भारीतले घाला. कोणी चांदीच्या तारेची शिफारस करतो. आपला हौशी माणूस एकेक करीत जातो आणि प्रत्येक वेळी त्याला फरक पडल्यासारखा वाटतो. यातला 'पडल्यासारखा' हा शब्द ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला शेवटी यायचे आहे.

दर दिवाळीला या सदरातून एखादा घरगुती उद्योग घेऊन मी वाचकांच्या भेटीला येतो. यंदाचा उद्योग हा. मात्र बाजारातून काय आणावे याची यादी मी देणार नाही. घरी बांधलेल्या अँप्लिफायरचा आवाज सुधारायचा असेल तर त्यात नवे काय घालावे याच्या आधी त्यातून काय काढून टाकावे हे पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे. आणि ते मी आमच्या मास्तरांच्या निमित्ताने सांगणार आहे.

मास्तर आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. गणिताचे शिक्षक, निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली. त्यांच्या पत्नी गात असत. बैठकीत त्या कधी बसल्या नाहीत, पण पहाटेचा रियाज त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९८१ साली मास्तरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर त्या रियाजाच्या तीन कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. बाई गेल्या, कॅसेटी राहिल्या. पुतण्याने त्या संगणकावर उतरवून मास्तरांच्या मोबाईलमध्ये घालून दिल्या. मास्तरांना हल्ली ऐकू थोडे कमी येते, आणि रात्री मोठ्याने लावले तर शेजाऱ्यांची झोपमोड होते. तरुणपणी त्यांनी रेडिओ जुळवले होते. तो हात अजून शाबूत होता. म्हणून शहात्तराव्या वर्षी त्यांनी हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधला.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चहा झाला तरी विषय निघेना. मग म्हणाले, "अहो, एक विचारू का? हिचा तंबोरा बेसूर लागतो हो."

मी म्हटले, "म्हणजे कसा?"

"खर्जाची तार थरथरते. एकसारखी वंव-वंव-वंव. तंबोरा लागल्याशिवाय ती तोंडातून सूर काढीत नसे. अर्धा-अर्धा तास जवारी बघत बसायची. आणि आता ऐकतो तर हे असे."

एका दुकानदाराने त्यांना सांगितले होते की कॅसेट भरतानाच बिघडली आहे. संगणकावर सव्वाशे हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाकतो, म्हणजे स्वच्छ होईल. दुसऱ्या दिवशी मास्तर ते काम त्याच्याकडे सोपवणार होते. मी म्हटले, "मास्तर, ते राहू द्या. आधी चार संध्याकाळी मला द्या."

आता थोडे गणित. बाईंचा सूर काळी चार. त्या पट्टीचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०८ कंपने. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे १०४ हर्ट्झवर. आपल्या घरातली वीज येते ५० हर्ट्झची. अँप्लिफायरातला रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला वळवतो, म्हणून नीट न गाळलेल्या पुरवठ्यात जी कुरकुर राहते ती १०० हर्ट्झची असते. रेडिओवाले तिला 'हम' म्हणतात. १०४ आणि १०० हे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि बसतो. तंबोरा लावताना दोन तारा जवळजवळ आल्या म्हणजे जी लाट ऐकू येते, ती हीच. तंबोरा लावणारा खुंटी पिळून ती लाट मालवतो. पण वीजमंडळाची खुंटी आपल्या हातात नाही.

अर्थात हा झाला तर्क. त्याची परीक्षा सोपी होती. मोबाईललाच साधा इयरफोन लावून मी तोच तुकडा मास्तरांच्या कानाला दिला. अँप्लिफायर मध्ये नाही. आवाज किरकोळ होता, पण खर्ज दगडासारखा स्थिर होता. मास्तर पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग इयरफोन काढून म्हणाले, "म्हणजे तिचा तंबोरा लागलेला होता."

"लागलेला होता," मी म्हटले.

दुकानदाराच्या कात्रीने काय झाले असते पाहा. सव्वाशेच्या खालचे कापले असते तर खर्जाचा मूळ सूर गेला असता, आणि हम अँप्लिफायरात असल्यामुळे ती तशीच राहिली असती. कपडा फाडून डाग मात्र शाबूत! म्हणून आवाज सुधारण्याची पहिली पायरी: दोष कुठे आहे ते आधी ठरवा. दुसरी कसोटी अशी की अँप्लिफायरचे इनपुट जमिनीला जोडून टाकायचे, म्हणजे बाहेरून काहीच आत येत नाही. तरीही हम राहिली तर ती घरचीच. मास्तरांची राहिली.

उघडण्यापूर्वी मी प्लग पाहिला आणि दचकलो. तीन पिनांपैकी वरची मोठी पिन जागेवर नव्हती. कोणा जाणकाराने सांगितले होते की ती काढली म्हणजे हम कमी होते. होते कधी कधी. पण ती पिन म्हणजे चासीचे अर्थिंग. ट्रान्सफॉर्मरच्या आत एखादी तार सुटून चासीला लागली तर अर्थिंगमुळे फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर चासीवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि आवाजाची खुंटी फिरवायला आलेल्या माणसाची वाट पाहतात. वाचकहो, हम परवडली. पण ती पिन काढू नका.

आतली वीजही काही कमी नाही. अशा मंडलात दीडशे-दोनशे व्होल्ट असतात. मास्तरांच्या डब्यात सुमारे १७० होते. स्विच बंद केला तरी कंडेन्सर ती वीज धरून ठेवतात. २०० मायक्रोफॅरॅडच्या साठ्यावर १०० किलोओहमचा, एक वॅटचा रेझिस्टन्स कायमचा आडवा जोडून ठेवावा. दीड-दोन मिनिटांत साठा रिकामा होतो. तरीही मीटर लावून शून्य पाहिल्यावाचून आत बोट घालू नये, आणि चाचणी चालू असताना हेडफोन डोक्यावर ठेवू नये.

आता मंडल. मास्तरांनी बांधलेले मंडल हौशी लोकांत बरेच चालते. पुढे ईसीसी ८२ हा दुहेरी व्हॉल्व्ह आवाज वाढवतो. मागे ६०८० हा दणकट व्हॉल्व्ह हेडफोनला लागणारा विद्युत्प्रवाह देतो. गंमत अशी की ६०८० मुळात संगीतासाठी जन्मलेलाच नाही. वीजपुरवठ्याचा दाब स्थिर ठेवणाऱ्या यंत्रांसाठी तो केलेला आहे. प्रवाह भरपूर देतो, पण त्याचा गुणक अवघा २ असतो. याचा परिणाम असा की पुरवठ्यातली लाट अडवायला तो जवळजवळ असमर्थ असतो. त्याच्या माथ्यावर जी लाट येईल तिचा सुमारे चौथा हिस्सा तो सरळ हेडफोनला पोचता करतो. या मंडलात पुरवठा हाच अर्धा आवाज आहे, असे म्हटले तरी चालेल.

मास्तरांच्या पुरवठ्यात एक १०० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर, मग २७० ओहमचा रेझिस्टन्स आणि पुन्हा एक तसाच कंडेन्सर होता. सगळे मिळून सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह जात होता. तेवढ्या ओढीला पहिल्या कंडेन्सरवर ७ व्होल्टपर्यंतची लाट उरते. रेझिस्टन्स आणि दुसरा कंडेन्सर मिळून ती सतरा पटीने कमी करतात. म्हणजे तरीही ०.४ व्होल्ट शिल्लक. त्याचा चौथा हिस्सा कानात! रेझिस्टन्सच्या जागी १० हेन्रीचा चोक घातला तर शंभर हर्ट्झला तो सहा हजारांवर ओहमचा अडसर घालतो आणि लाट सतराऐवजी चारशे पटीने उतरते. चोक वजनाला जड आणि दिसायला ओबडधोबड, तो पाहून कोणी पाहुणा "वा!" म्हणत नाही. पण ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या कारागिराकडून करून घेतला तर नामांकित परदेशी व्हॉल्व्हच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतो. शिवाय पुढच्या ईसीसी ८२ साठी २.२ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरॅडची आणखी एक गाळणी घातली. ती तर चहा-भज्यांच्या पैशांत झाली.

हे तिसऱ्या संध्याकाळी झाले. त्याआधीच्या संध्याकाळी आम्ही नुसत्या तारा हलवल्या. हममध्ये दोन जाती असतात. एक मऊ, खोल 'ऊं', ती ५० हर्ट्झची. तिचा उगम बहुधा व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांत किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रात असतो. दुसरी खरखरीत 'झूं', ती १०० हर्ट्झची आणि रेक्टिफायरची. मास्तरांकडे दोघी नांदत होत्या. दोन व्हॉल्व्ह मिळून तापण्यासाठी २.८ अँपिअर घेतात, आणि त्या तारा ग्रिडच्या तारेला चिकटून धावत होत्या. आम्ही त्या एकमेकींना घट्ट वेणीसारख्या पिळल्या, चासीच्या कोपऱ्यातून नेल्या, आणि दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टन्स जमिनीला जोडून त्यांना मध्यबिंदू दिला. मग जमिनीची तार. रेक्टिफायरमधून पहिल्या कंडेन्सरला वीज धक्क्याधक्क्याने मिळते. त्या धक्क्यांची परतीची वाट आणि इनपुटची जमीन एकाच तारेवर असेल तर प्रत्येक धक्का गाण्यात मिसळतो. गावाचे सांडपाणी आणि पिण्याचे पाणी एकाच पाटातून नेऊ नये, तसे हे. आम्ही पहिल्या कंडेन्सरचा व्यवहार त्याच्यापुरता मिटवला, बाकीच्या जमिनी एका बिंदूवर आणल्या आणि चासीला त्या एकाच ठिकाणी जोडल्या. खर्च शून्य. अर्धी हम त्याच रात्री गेली.

एक सावधगिरी सांगतो. हम कोणत्या व्हॉल्व्हची हे पाहण्यासाठी चालू अँप्लिफायरातून व्हॉल्व्ह उपटण्याची जुनी सवय पुष्कळांना आहे. या मंडलात पहिला व्हॉल्व्ह दुसऱ्याला थेट जोडलेला असतो. पहिला उपटला की दुसऱ्याचे ग्रिड पुरवठ्याच्या दाबाकडे उडी घेते आणि तो धक्का हेडफोनला बसतो. तसे करू नये. चालू करतानाही एक मिनिट थांबून मगच हेडफोन लावावा, आणि आउटपुटवर २.२ किलोओहमचा रेझिस्टन्स जमिनीला जोडून ठेवावा, म्हणजे आउटपुटचा कंडेन्सर हेडफोनच्या वाटेने भरत नाही.

चौथ्या संध्याकाळी हेडफोनची जोडी जुळवली. मास्तरांकडे दोन हेडफोन होते: एक ३०० ओहमचा आणि नातवाचा एक ३२ ओहमचा. नातवाच्या हेडफोनवर ढोल-ताशा जास्त घुमतो, असे त्यांचे म्हणणे. घुमणारच. अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट अवरोध सुमारे १२० ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यामुळे दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. आणि खालच्या सुरांना त्या हेडफोनचा अवरोध दुप्पट झाला, तर तेवढेच सूर चारावर डेसिबेलने फुगतात. ३०० ओहमचा हेडफोन त्या जागी पाचशेवर गेला तरी फरक एका डेसिबेलच्या आसपास राहतो. म्हणून या मंडलाला ३०० ओहमचाच हेडफोन लावावा. ३२ ओहमचाच हवा असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे दुसरे मंडल बांधावे. कोट मापाचा नसला तर बटणे बदलून तो बसत नाही.

कंडेन्सरचेही तेच. आउटपुटचा १०० मायक्रोफॅरॅडचा साधा कंडेन्सर काढून तिथे भारी किमतीचा ४.७ चा घाला, असा सल्ला मास्तरांना मिळाला होता. या हेडफोनबरोबर १०० चा कंडेन्सर ४ हर्ट्झपर्यंत खाली जाऊ देतो; ४.७ चा ८१ हर्ट्झपाशीच उतरू लागतो, आणि १०४ च्या खर्जातून दोन डेसिबेल काढून घेतो. म्हणजे पैसे देऊन बाईंचा खर्ज कापायचा. कंडेन्सरची किंमत पाहण्याआधी त्याचे माप पाहावे.

राहिली आवाजाची खुंटी. ती जरा हलवली की आवाज अंगावर येई. आजच्या साधनांतून दोन-दोन व्होल्ट येतात आणि हेडफोनला ऐकण्यापुरता एक व्होल्टही जास्त होतो. हे मंडल मात्र सात-आठ पट वाढवून बसते. त्यामुळे खुंटी कायम तळाशी राहते, आणि तिथे डावा-उजवा कान सारखा नसतो. १०० किलोओहमच्या पॉटच्या आधी प्रत्येक बाजूला २२० किलोओहमचा एक रेझिस्टन्स घातला. येणारा आवाज एक तृतीयांश झाला, खुंटी मध्यावर आली, दोन्ही कान समान झाले.

आता त्या 'पडल्यासारखा' शब्दाकडे येऊ. मास्तर म्हणाले, "आता तरी एक परदेशी व्हॉल्व्ह घालून पाहू." पाहिला. बंगळूरला १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह होत. तिथला एक जुना ईसीसी ८२ माझ्याकडे होता. दुसरा त्याच्या दहापट किमतीचा, परदेशी. मास्तर पाठ करून बसले, मी व्हॉल्व्ह बदलत गेलो. प्रत्येक वेळी मीटरने आउटपुट शेकडा एकाच्या आत सारखे केले. कारण बारा टक्क्यांचा फरक म्हणजे एक डेसिबेल, आणि तेवढ्याने मोठे वाजणारे कानाला मोठे वाटत नाही, चांगले वाटते. हजारो रुपयांचे व्यवहार या एका डेसिबेलवर चालतात. मास्तरांनी दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखले. गणिताचेच शिक्षक ते, आपणच हसून म्हणाले, "नाणे उडवले असते तरी एवढे जमले असते."

व्हॉल्व्हमध्ये फरक नसतोच असे मी म्हणत नाही. काही खरखरतात, काही पेन्सिलीने टिचकी मारली की घंटेसारखे वाजतात, काहींचे दोन अर्ध सारखे नसतात, असे बदलावेतच. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: मोजमापाला बसाल तर आजची थोड्या पैशांतली एखादी इवलीशी चिप या साऱ्या उपद्व्यापाला मागे टाकते. व्हॉल्व्ह आपण बांधतो ते हौसेखातर. पण हौस झाली म्हणून हिशेब सोडायचा, असे थोडेच आहे?

चारही संध्याकाळी संपल्यावर श्वास रोखून ऐकले तर कुठे हम जाणवेल न जाणवेल एवढी उरली. तंबोऱ्याचा खर्ज एकसंध वाजू लागला. त्याच्या आड मास्तरांना आणखी एक आवाज सापडला. गाणे सुरू होण्यापूर्वी बाई हळूच घसा साफ करून "झाला का सुरू?" असे विचारतात. टेपरेकॉर्डर चालू झाला का, असे त्या मास्तरांनाच विचारीत असणार. हमच्या खाली ते शब्द आजवर बुडालेले होते. मास्तरांनी तो तुकडा किती वेळा लावला ते मी मोजले नाही.

एक फायदा मात्र मोजता येण्याजोगा झाला. पूर्वी हमच्या वर गाणे आणण्यासाठी मास्तर खुंटी बरीच पुढे नेत. पुष्कळ हेडफोन एका मिलिवॅटवर ९५ ते १०० डेसिबेल देतात, आणि असा अँप्लिफायर कितीतरी मिलिवॅट देऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबेलची मर्यादा आठवड्याला ४० तास एवढी घातली आहे. आवाज चढला की हे तास भराभर घटतात. आधीच कमी ऐकू येणाऱ्या माणसाने तर उरलेले कान जपूनच वापरायला हवेत. आता मास्तरांची खुंटी पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली असते आणि तरी त्यांना जास्त ऐकू येते. तेव्हा आपल्या अँप्लिफायरचा आवाज सुधारला की नाही हे ठरवायला दुसऱ्या कोणाला विचारू नका. रात्री, निजानीज झाल्यावर, ओळखीचे गाणे लावा आणि खुंटी खाली आणीत चला. जिथवर गाणे कळते तिथवर आणा, आणि त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी काही बदल केलात, की खूण खाली सरकली का तेवढे पाहा.